पुसलेला नंबर : एका रिव्हॉल्वरचा पहिला मालक शोधताना

खंडेनवमीनंतर दोन दिवसांनी उदगीरकडच्या एका घरातून मला काही फोटो आले. देवघरासमोर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर दोन तलवारी, एक कट्यार, झेंडूची फुले आणि हळदीकुंकू वाहिलेले एक जुने रिव्हॉल्वर. खाली प्रश्न होता : "हे रंगराव पागे यांचे आहे असे आजोबा सांगत. खरे असेल का? मूळ मालक कसा शोधायचा?"

इतिहासात एम.ए. करणाऱ्या मुलाला आमच्या नांदेड-लातूर भागात असे प्रश्न नेहमी येतात. बहुतेक वेळा वस्तू तलवार असते आणि तिचे नाते कोणत्या ना कोणत्या महापुरुषाशी जोडलेले असते. रिव्हॉल्वर पहिल्यांदाच आले. त्यातही ते गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून घडवलेले दिसत होते. मुठीला हस्तिदंत होते, नळीवर वेलबुट्टी होती आणि मुठीच्या पाठीवर चांदीची लहानशी अंडाकृती पट्टी बसवलेली होती. अशा पट्टीवर मालकाची आद्याक्षरे किंवा घराण्याचे चिन्ह कोरून घेत असत. या पट्टीवर आज फक्त दोन उथळ रेघा उरल्या आहेत.

उत्तर एका परिच्छेदात संपणारे नव्हते, म्हणून हा थ्रेड. जरा लांब आहे.

आधी वस्तू काय सांगते ते पाहू. फिरत्या चाकात पाच घरे आहेत. प्रत्येक घराच्या मागे तांब्याची टोपी बसवण्यासाठी लहानसे टोक आहे, म्हणजे काडतुसाच्या आधीचा काळ. सर्वांत बोलकी खूण म्हणजे घोड्याला अंगठ्याने मागे ओढण्याचा काटाच नाही. चाप दाबला की घोडा उठतो, चाक फिरते आणि घोडा पडतो, सगळे एकाच ओढीत. शिवाय नळी आणि सांगाडा एकाच लोखंडातून घडवलेले आहेत. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८५१ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीच ही रचना.

१८५१ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले आणि तिथे ॲडम्सचे रिव्हॉल्वर अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टच्या रिव्हॉल्वरसमोर उभे राहिले. कोल्टचा सारा भर यंत्रावर होता. एकाच मापाचे सुटे भाग हजारोंनी काढायचे आणि जोडायचे. पुढे त्याने लंडनमध्येच कारखाना टाकला. ॲडम्सचे रिव्हॉल्वर मात्र कारागिराच्या कानशीने जुळवलेले असे. म्हणूनच ते हौसेने सजवून घेता येई. मूठ बदलून मिळे, वेलबुट्टी काढून मिळे, नाव कोरून मिळे. १८५०च्या दशकात इंग्रज लष्करी अधिकारी आपले रिव्हॉल्वर बहुधा स्वतःच्या खिशातून, आपल्या पसंतीच्या बंदूकवाल्याकडून घेत.

ॲडम्सच्या या पहिल्या नमुन्यावर एक अनुक्रमांक असे आणि त्याच्या शेवटी रोमन लिपीतील 'आर' हे अक्षर असे. मी घरच्यांना सांगाड्याचा जवळून फोटो मागितला. 'आर' स्पष्ट दिसला. त्याच्या आधीचे आकडे गुळगुळीत.

कारण विचारले तेव्हा उत्तर अगदी सहज आले. दर खंडेनवमीला शस्त्रे घासून लख्ख करायची, ही घरची रीत. आजोबांच्या वेळेपासून विटेची पूड आणि राख लावून घासत आले. भक्तीनेच नंबर गेला, नावही गेले. यात कुणाला दोष देता येत नाही. ज्या घरात पूजा झाली नाही तिथले रिव्हॉल्वर तर भंगारातच गेले.

आता रंगराव पागे. ही कथा मला लगेच झटकून टाकावीशी वाटली नाही, कारण तिच्या मुळाशी खरा इतिहास आहे. १८५७च्या उठावाचे केंद्र उत्तरेत होते, पण त्याचा एक धागा आपल्याकडे देगलूरच्या पलीकडच्या कौलासपर्यंत आला होता. निजामाच्या राज्यातले रंगराव पागे नानासाहेब पेशव्यांशी संधान बांधून या भागात उठावाची जुळवाजुळव करत होते. कौलासचा राजा दीपसिंग त्यात सामील होता. बेत फुटला, खटला झाला आणि रंगरावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आमच्या भागात हे नाव आजही जिभेवर आहे, त्यामुळे जुन्या शस्त्राला ते चिकटणे स्वाभाविक आहे.

पण काळ जुळला म्हणजे मालक जुळला असे होत नाही. तोच काळ आणि तोच प्रदेश दुसऱ्या बाजूच्या माणसांचाही होता. आजच्या हिंगोली शहरात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाची आणि अधिकारी इंग्रज. याच कंटिन्जंटच्या तुकड्या १८५८ साली सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर मध्य भारतात झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढल्या. १८५०च्या दशकात मराठवाड्यात ॲडम्सचे रिव्हॉल्वर कमरेला असण्याची सर्वाधिक शक्यता कुणाची, असे विचारले तर उत्तर अशा अधिकाऱ्याकडेच जाते. म्हणजे ज्या शस्त्राला हे घर बंडवाल्याचे समजून फुले वाहते, ते बंड मोडणाऱ्याचे असू शकते. मी हे लिहून कळवले तेव्हा पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही.

हैदराबादच्या एखाद्या अमीर-उमरावाने किंवा जहागीरदाराने लंडनहून मागवून घेतले असण्याचा दुसरा मार्गही आहे. आणि तिसरा मार्ग १९४८चा. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा सेनापती झाला होता. नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी त्याच वर्षी लुटली. १३ ते १७ सप्टेंबर या पोलीस ॲक्शनच्या आधी आणि नंतर कितीतरी शस्त्रे घरे, गढ्या, ठाणी यांमधून इकडची तिकडे झाली. त्यातली जुनी, निकामी, शोभेची शस्त्रे कुणी कुणाकडून घेतली याची नोंद कोण ठेवणार? या रिव्हॉल्वरचे पहिले नव्वद वर्षांचे आयुष्य एका जागी आणि शेवटची पाऊणशे वर्षे दुसऱ्या जागी गेली असणे सहज शक्य आहे.

तीन मार्गांतून एक निवडायचा तर आठवण पुरत नाही, नंबर लागतो. नंबराने काय होऊ शकते ते सांगतो.

२६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीच्या आलेल्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. त्या प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा नंबर होता आणि त्या नंबरांची यादी रोडा कंपनीच्या वहीत होती. पुढच्या काही वर्षांत बंगालमध्ये कुठेही माउझर सापडले की पोलीस नंबर पडताळून ते 'त्या पन्नासातले' आहे का ते सांगू शकत. रौलट समितीच्या १९१८च्या अहवालात ही हकीकत आहे. दुकानदाराच्या हिशेबासाठी लिहिलेली यादी एका चळवळीचा माग काढणारा नकाशा झाली.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर पहिली गोळी आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी झाडली आणि पाठोपाठ भगतसिंगांनी आपले पिस्तूल रिकामे केले. भगतसिंगांचे ते .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल पुढे खटल्यात पुरावा म्हणून आले. फाशी झाली, फाळणी झाली आणि पिस्तूल विस्मरणात गेले. ते पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात होते. १९६९ साली इतर काही शस्त्रांबरोबर ते सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्र विद्यालयात गेले आणि तिथल्या संग्रहात एक साधा नमुना म्हणून राहिले. ते कुणाचे आहे हे कुणाच्याच ध्यानी नव्हते.

एका पत्रकाराने जुन्या कागदांतून त्याचा नंबर शोधला : १६८८९६. तो नंबर घेऊन इंदूरच्या संग्रहात पाहिले तर शस्त्रांवर गंज लागू नये म्हणून काळा रंग दिलेला. २०१६च्या अखेरीस रंग खरवडला आणि खाली तोच नंबर निघाला. आज ते पिस्तूल हुसैनीवाला येथे आहे. उदगीरच्या फोटोंकडे बघताना मला हे सारखे आठवत होते. तिकडे दुर्लक्षाने दिलेल्या रंगाने नंबर जपला आणि इकडे दरवर्षीच्या श्रद्धेने तो घासून टाकला.

नंबर सापडला तरी 'मूळ मालक' या शब्दात एक चकवा आहे. तो समजण्यासाठी नाशिकचे प्रकरण पाहावे लागेल. त्याचे एक टोक आपल्या भागातच आहे.

अनंत लक्ष्मण कान्हेरे यांचे प्राथमिक शिक्षण निजामाबादला झाले. (निजामाबादचे जुने नाव इंदूर. वर आलेले इंदूर मध्य प्रदेशातले.) पुढचे शिक्षण औरंगाबादला. दोन्ही गावे निजामाच्या राज्यात आणि मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्गावर. तो मार्ग नांदेडवरूनच जातो. नाशिकचा कट शिजत असताना कान्हेरे औरंगाबादला गंगाराम मारवाडी यांच्याकडे खोली घेऊन राहत होते. इंग्रजी मुलखाबाहेरचा हा तरुण नाशिकच्या मंडळींना सोयीचा वाटला असावा, असा माझा तर्क आहे.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाप्रीत्यर्थ 'शारदा'चा प्रयोग होता. जॅक्सन संस्कृत जाणणारा, इतिहासात रस असलेला अधिकारी. पण गणेश दामोदर सावरकरांना कोर्टासमोर उभे करणारा तोच होता आणि त्या खटल्यात बाबारावांना जन्मठेप झाली होती. नाट्यगृहात कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. पिस्तूल ब्राउनिंग, बेल्जियमच्या कारखान्यात लाखोंच्या संख्येने निघालेल्या जातीचे. त्यावर ना हस्तिदंत, ना चांदीची पट्टी, ना कुणाची अक्षरे.

तरीही त्या पिस्तुलाचा प्रवास पोलिसांनी हाताहातांतून मागे नेला. कान्हेरेंकडे ते नाशिकच्या मंडळींकडून आले, त्यांच्याकडे मुंबई-पेणच्या बाजूने आले, आणि त्याआधी ते लंडनहून आले होते. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन १९०९च्या आरंभी भारतात परतला, तेव्हा त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ होता आणि त्या तळाखाली २० ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे होती. पेटी पाठवली विनायक दामोदर सावरकरांनी. अमीनने पुढे सरकारकडून साक्ष दिली.

कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. सावरकरांना पहिली जन्मठेप डिसेंबर १९१०मध्ये नाशिक कटासाठी झाली आणि दुसरी ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सनच्या खुनाला साह्य केल्याबद्दल. दुसऱ्या शिक्षेचा कणा हीच साखळी होती. खून झाला त्या दिवशी सावरकर हजारो मैल दूर होते. त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी वस्तू होती ते पिस्तूल.

आता सांगा, या ब्राउनिंगचा मूळ मालक कोण? बेल्जियमचा कारखाना, ज्याच्या दुकानातून ते विकले गेले तो व्यापारी, ज्यांनी पाठवले ते सावरकर, ज्यांनी लपवले ते, की ज्यांनी चालवले ते कान्हेरे? कोर्टाला या साखळीतली एक विशिष्ट कडी हवी होती म्हणून त्यांनी ती शोधली. आपल्याला कोणती हवी आहे हे आपण आधी ठरवत नाही, आणि मग सर्वांत मोठे नाव उचलतो.

मोठे नाव उचलण्याची हौस आपल्याकडेच आहे असे नाही. १९१४ साली साराएव्होला गाव्रिलो प्रिन्सिपने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळी झाडली ते पिस्तूल कोणते, याबद्दल कित्येक दशके पुस्तकांतून चुकीचा नमुना छापला जात होता. वापरले गेले होते १९१०च्या नमुन्याचे ब्राउनिंग, नंबर १९०७४. ते एका येशूसंघी पाद्र्याकडून त्याच्या पंथाच्या मठात गेले आणि २००४ साली व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आले. पहिल्या महायुद्धाचे निमित्त ठरलेले हत्यार मठाच्या सामानात नव्वद वर्षे पडून राहते, मग देवघरातल्या हत्याराचे काय सांगावे!

आणि कधी साखळीचे शेवटचे नाव भलतेच निघते. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझादांनी वापरलेले कोल्ट पिस्तूल नंतर पोलीस अधिकारी नॉट-बॉवरकडे गेले. तो ते निवृत्तीनंतर इंग्लंडला घेऊन गेला. भारतात ते १९७२ साली परतले. मधली चार दशके कुणी इंग्लंडात ते पाहिले असते, तर त्याला मालक म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याचेच नाव सांगितले गेले असते. आज ते अलाहाबादच्या संग्रहालयात आझादांचे म्हणून आहे.

पुन्हा आपल्या रिव्हॉल्वरकडे येऊ. खास घडवून घेतलेल्या शस्त्राचा एक फायदा असतो. लंडनच्या जुन्या बंदूकवाल्यांच्या वह्यांत नंबरापुढे गिऱ्हाइकाचे नाव आणि त्याने काय काय करून मागितले ते लिहिलेले असे. काही नामांकित घराण्यांनी त्या वह्या आजवर जपल्या आहेत. अमेरिकेत कोल्ट कंपनी आजही शुल्क घेऊन जुन्या नंबराची कारखान्यातली नोंद कळवते. मात्र त्या नोंदीत बहुतेकदा मिळते ते माल रवाना झाल्याची तारीख आणि दुकानाचे नाव. म्हणजे वहीतला 'पहिला मालक' पुष्कळदा दुकानदारच असतो. चांदीच्या पट्टीवरची अक्षरे वाचता आली तर कंटिन्जंटच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्यांशी ती ताडून पाहता येतील. तिथे जुळले नाही, तरी एक मार्ग बंद झाल्याचे कळेल. तेही काही कमी नाही.

हे सगळे आत्ताच लिहिण्याला एक व्यावहारिक कारण आहे. २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र परवान्यावरील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाने आलेली शस्त्रेही त्यात धरली. जास्तीची शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. दोन पिढ्या जपलेली बंदूक एका दुपारी जमा होते आणि घरात फक्त पावती राहते. पावतीवर 'जुनी बंदूक, एक' एवढेच असेल तर इतिहास तिथेच संपला. जमा करण्याआधी नंबर, कारखान्याचे नाव, नळीवरचे शिक्के, पेटी असल्यास तिच्या आतल्या कागदाचे लेबल, हे सगळे लिहून घ्या आणि फोटो काढा. टोप्यांच्या जमान्यातल्या, न चालणाऱ्या शस्त्राबाबत कायदा वेगळा लागू शकतो, पण तो निर्णय घरी बसून करू नका. आणि नंबर घासणे थांबवा. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अग्निशस्त्रावरील नाव, नंबर किंवा ओळखखूण मुद्दाम नाहीशी करणे हा गुन्हा आहे. आमच्या आजोबांचा हेतू अर्थातच तो नव्हता.

उदगीरच्या घराशी बोलणे पुढे सुरू राहिले. रंगरावांचे नाव सोडायला ते तयार नाहीत आणि सोडा असे मी म्हटलेलेही नाही. आजोबा नेमके काय सांगत, त्यांना कुणी सांगितले होते, शस्त्र घरात पहिल्यांदा कुणी पाहिले, हे घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याबाईंकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, एवढे मी सुचवले. त्यांनी केले. आत्याबाईंच्या आठवणीत रंगराव पागे हे नाव नाही. त्यांना आठवते ते असे, की त्या लहान असताना हे 'हिंगोलीच्या लिलावातले' म्हणून ओळखले जाई आणि त्यांचे वडील ते कुणाला हात लावू देत नसत.

काल त्यांनी आणखी एक फोटो पाठवला. खोलीत अंधार करून, बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाकून काढलेला. 'आर'च्या आधी दोन आकड्यांची सावली दिसते. शेवटचा ४ आहे. त्याच्या आधीचा १ किंवा ७.